बेलफास्टच्या भगिनी आणि मधली भिंत

नवखा माणूस भेटला की आपण प्रथम नाव विचारतो. पण नाव कळून आपले समाधान होत नाही, "आडनाव काय?" हा दुसरा प्रश्न ओघानेच येतो. आडनाव कळले की गाव, जात, घरची रीत यांचा अंदाज आपण मनाशी बांधतो, आणि पुढे काय बोलायचे व काय टाळायचे ते त्या अंदाजावर ठरवतो. आपल्यापासून हजारो मैल दूर, उत्तर आयर्लंड नावाच्या लहानशा प्रदेशात हीच रीत आहे. तेथे आडनावाच्या जोडीला "शाळा कोणती?" असेही विचारतात. शाळा कळली की माणूस कॅथॉलिक की प्रॉटेस्टंट ते कळते. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला एका बाजूचे लोक डेरी म्हणतात, दुसऱ्या बाजूचे लंडनडेरी. गावाचे नुसते नाव घेतले तरी बोलणारा कोणाचा ते समजते!

जेथे गावाचे नाव घेतानाही जीभ अडखळते, तेथे दोन्हीकडच्या माणसांनी समोरासमोर बसून बोलायचे तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर तेथील बायकांनी चाळीसएक वर्षे, चुकतमाकत, पण नेटाने शोधले. त्या शोधाची हकीकत आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी सांगावीशी वाटली. लढायांचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात. बायकांच्या सभांचे, समित्यांचे आणि त्यांनी टाळलेल्या भांडणांचे इतिहास क्वचितच लिहिले जातात.

प्रथम भांडणाचे मूळ थोडक्यात पाहू. सतराव्या शतकात इंग्लंड व स्कॉटलंडमधून प्रॉटेस्टंट लोक आणून आयर्लंडच्या उत्तर भागात वसवण्यात आले आणि जमिनी त्यांच्याकडे गेल्या. पुढे १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. बत्तीस परगण्यांपैकी उत्तरेकडचे सहा ब्रिटनकडे राहिले. या सहा परगण्यांत प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते व त्यांना ब्रिटनशी जोडलेले राहायचे होते. कॅथॉलिक अल्पसंख्य होते व त्यांतील बहुतेकांना अखंड आयर्लंड हवे होते. म्हणजे नावे धर्माची असली, तरी भांडण पूजाअर्चेचे नव्हते. राज्य कोणाचे, नोकरी कोणाला आणि घर कोणाला, असे ते भांडण होते.

यातला घराचा प्रश्न आपण बायकांना लगेच उमजेल असा आहे. तेथे नगरपालिकेच्या निवडणुकीत मत प्रत्येक प्रौढ माणसाला नव्हते; ज्याच्या नावावर घर, त्याला व त्याच्या जोडीदाराला मत, असा कायदा होता. शिवाय पालिकेची भाड्याची घरे वाटण्याचे काम नगरसेवकांकडे. तेव्हा एखाद्या कुटुंबाला घर देणे म्हणजे त्याला दोन मते देणे! साहजिकच पुष्कळ ठिकाणी सत्ताधारी पक्ष विरोधी जमातीच्या कुटुंबांना घरे देताना हात आखडता घेई. डंगॅनन नावाच्या गावी लहान लहान खोल्यांत मुलाबाळांसह दाटीने राहणाऱ्या तरुण कॅथॉलिक गृहिणी १९६३ साली अर्ज घेऊन पालिकेवर गेल्या. पॅट्रिशिया मॅक्क्लस्की या डॉक्टरांच्या पत्नीने त्यांना संघटित केले, आणि पुढल्याच वर्षी तिने व तिच्या पतीने घरवाटपाचे व नोकऱ्यांचे आकडे गोळा करून जगापुढे मांडण्यासाठी एक संस्था काढली. नागरी हक्कांच्या ज्या चळवळीने पुढे तो प्रदेश हलवून सोडला, तिची एक मुळी अशी बायकांच्या अर्जात आहे.

हक्कांची ही मागणी वेळीच ऐकली गेली असती, तर कदाचित पुढचे अनर्थ टळले असते. तसे झाले नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीतील मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्टला वस्त्याच्या वस्त्या पेटल्या. त्या उन्हाळ्यात दीड हजारांहून अधिक कुटुंबे घर सोडून गेली, त्यांत बहुतेक कॅथॉलिक होती. ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आले. कॅथॉलिकांचा फॉल्स रोड आणि प्रॉटेस्टंटांचा शँकिल रोड हे दोन रस्ते जवळजवळ समांतर जातात. त्यांच्या मध्ये सैन्याने तारेचे व पत्र्याचे कुंपण घातले. तात्पुरते म्हणून घातलेले ते कुंपण पुढे विटा-काँक्रीटची उंच भिंत झाले. अशा भिंतींना तेथे 'शांतता-रेषा' म्हणतात. दोन्हीकडे सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. एकट्या १९७२ सालात जवळजवळ पाचशे माणसे मेली. तीस वर्षांत मृतांचा आकडा साडेतीन हजारांवर गेला. मुंबईच्या एखाद्या उपनगरापेक्षाही कमी, पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या प्रदेशात हे घडले, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्येक आळीत कोणी ना कोणी गेले असणार हे समजते.

अशा दिवसांत बायका अगदीच स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९७० साली 'विमेन टुगेदर' म्हणजे 'स्त्रिया एकत्र' नावाची संघटना निघाली. तिच्या संस्थापकांत एक कॅथॉलिक व एक प्रॉटेस्टंट बाई होती. पोरे दगडफेक करू लागली की या बायका दोन्ही टोळक्यांच्या मधे जाऊन उभ्या राहत.

परंतु जगाचे लक्ष वेधले ते १९७६ साली. १० ऑगस्टला बेलफास्टच्या एका रस्त्यावरून एक आई मुलांना घेऊन चालली होती. सैनिकांनी पाठलाग करून गोळी घातलेल्या एका सशस्त्र तरुणाची मोटार ताबा सुटून त्या मायलेकरांवर आदळली. आठ वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि सहा आठवड्यांचे तान्हे बाळ, अशी तीन मुले गेली. हे डोळ्यांनी पाहणारी बेटी विल्यम्स नावाची गृहिणी त्याच संध्याकाळी घरोघर सह्या गोळा करीत निघाली. मुलांची मावशी मेरेड कॉरिगन तिला येऊन मिळाली. सियरन मॅक्यून हा पत्रकार तिसरा. थोड्याच दिवसांत हजारो बायका रस्त्यावर आल्या. २८ ऑगस्टला कॅथॉलिक बायका शँकिल रोडवरून, प्रॉटेस्टंट वस्तीतून चालत गेल्या आणि तेथील बायकांनी त्यांना मिठ्या मारल्या. कित्येकींनी आयुष्यात प्रथमच तो रस्ता पाहिला होता. बेटी आणि मेरेड यांना १९७६ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ते त्यांना १९७७ साली देण्यात आले.

येथे गोष्ट संपवली असती, तर ती फार गोड झाली असती. पण इतिहास गोडाधोडाच्या ताटासारखा नसतो. त्याच ऑक्टोबरात बेलफास्टच्या एका कॅथॉलिक वस्तीत सैनिकांनी झाडलेल्या प्लॅस्टिकच्या गोळीने तेरा वर्षांचा एक मुलगा मेला. त्या वस्तीतील सभेस या दोघी गेल्या तेव्हा संतापलेले लोक त्यांच्या अंगावर धावून आले. "आमच्या पोरांच्या बंदुकांविरुद्ध तुम्ही जेवढ्या बोलता, तेवढ्या सैनिकांच्या बंदुकांविरुद्ध का बोलत नाही?" असा त्या रागाचा अर्थ होता. शांतता हवी, एवढ्यावर सर्वांचे एकमत होते. परंतु कोणती शांतता, कोणत्या अटींवर, आणि अन्यायाचे काय, हे प्रश्न पुढे येताच एकमत विरू लागले. पुढे संघटनेतही मतभेद झाले, आणि १९८० साली बेटी विल्यम्स तिच्यातून बाहेर पडली.

म्हणून तो प्रयत्न वाया गेला असे कोणी म्हणू नये. १९७६ साली सुमारे तीनशे माणसे मेली होती. १९७७ साली तो आकडा सव्वाशेच्या आत आला. त्याचे श्रेय एकट्या मोर्चांचे नसले तरी त्यांचा वाटा होताच. मात्र लाट आली तशी ओसरली, हेही खरे. दुःखाच्या क्षणी मिठी मारणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाईशी नावडत्या विषयावर बोलणे कठीण असते. त्या कठीण कामाची रीत अजून कोणाला सापडली नव्हती.

ती रीत हळूहळू सापडली ती मोहल्ल्यामोहल्ल्यांतील महिला केंद्रांत. १९८० नंतर बेलफास्टच्या गरीब वस्त्यांत अशी केंद्रे निघाली. मुलांना सांभाळण्याची सोय, शिकवणीचे वर्ग, कायद्याचा सल्ला, दारुड्या नवऱ्याच्या मारापासून आसरा, अशी त्यांची कामे. म्हणजे आपल्या मंडळांसारखीच म्हणाना! फॉल्स रोडवर एक केंद्र होते, शँकिल रोडवर दुसरे. मधे भिंत. १९९० च्या सुमारास बेलफास्टच्या नगरपालिकेने, जेथे प्रॉटेस्टंट पक्षांचे बहुमत होते, फॉल्सच्या केंद्राचे अनुदान तोडले. अशा वेळी शँकिलच्या बायकांनी गप्प राहावे, अशी अनेकांची अपेक्षा असणार. त्यांचे स्वतःचे अनुदान चालूच होते. पण त्या गप्प राहिल्या नाहीत. फॉल्सच्या बायकांच्या बाजूने त्या उघडपणे उभ्या राहिल्या. अशा केंद्रांचे एक जाळेही याच सुमारास विणले गेले होते. सरकारी कचेरीत जाताना दोन्ही बाजूंच्या बायका बरोबर जाऊ लागल्या.

सिंथिया कॉकबर्न या इंग्रज विदुषीने या बायकांत राहून १९९८ साली एक पुस्तक लिहिले. "आपण साऱ्या बायकाच, आपल्यात भेद कसला?" असे या भगिनी म्हणत नसत, हे तिने नोंदले आहे. भेद आहे हे त्या मान्य करीत. अमकी कॅथॉलिक, तमकी प्रॉटेस्टंट, हे सर्वांना ठाऊक असे आणि कोणी ते लपवावे अशी अपेक्षा नसे. परंतु कॅथॉलिक आहे म्हणजे तिचे मत अमुकच असणार, असे गृहीत धरायचे नाही, याची त्या काळजी घेत. काही प्रश्न, विशेषतः राज्य कोणाचे असावे हा प्रश्न, त्या जाणूनबुजून बाजूला ठेवीत. कोणता विषय केव्हा काढायचा याचे भान त्यांना होते. भाकरी भाजताना तवा किती तापला आहे हे हाताला कळते, तसे ते भान होते. पुस्तकातून ते येत नाही.

मुलांच्या शाळांचेही असेच झाले. कॅथॉलिक मुलांच्या शाळा वेगळ्या, प्रॉटेस्टंट मुलांच्या वेगळ्या, असा तेथील रिवाज. काही पालकांनी, त्यांत आया पुढे होत्या, दोघांची एकत्र शाळा काढायचे ठरवले. १९८१ साली बेलफास्टला लेगन कॉलेज नावाची शाळा निघाली तेव्हा पटावर मुले होती अवघी अठ्ठावीस!

या साऱ्या लहान धाग्यांचे सूत १९९६ साली उपयोगी पडले. शांततेच्या वाटाघाटींना बसणारे पक्ष ठरवण्यासाठी ब्रिटिश सरकारने त्या वर्षी ३० मे रोजी निवडणूक जाहीर केली. सर्वांत अधिक मते मिळवणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा मिळणार होत्या, मग मते कितीही थोडी असोत. महिला संस्थांनी जुन्या पक्षांकडे विचारणा केली की, तुमच्या यादीत बायका किती असणार? समाधानकारक उत्तर आले नाही. तेव्हा या बायकांनी अवघ्या सहा आठवड्यांत स्वतःचाच पक्ष उभा केला. नाव, 'उत्तर आयर्लंड महिला आघाडी'. प्राध्यापिका, कामगार संघटनांतल्या कार्यकर्त्या, समाजसेविका, गृहिणी, सर्व प्रकारच्या बायका त्यात होत्या. शँकिलची मे ब्लड त्यांपैकी एक. वयाच्या चौदाव्या वर्षी ती लिननच्या गिरणीत कामाला लागली होती, आणि पुढे १९९९ साली हीच गिरणी कामगार बाई ब्रिटनच्या लॉर्ड सभेत जाऊन बसली.

आघाडीने सत्तर उमेदवार उभे केले. मते पडली शेकडा एक. पण पहिल्या दहांत क्रमांक लागला आणि दोन जागा मिळाल्या. त्या जागांवर बसल्या मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर. पहिली कॅथॉलिक, दुसरी प्रॉटेस्टंट. ही जोडी योगायोगाने जमली नव्हती. जेथे जायचे तेथे दोन्ही बाजूंची बाई बरोबर न्यायचीच, असा त्यांचा दंडक होता. राज्य ब्रिटनचे की आयर्लंडचे, या प्रश्नावर पक्षाने मत घेतले नाही. प्रत्येकीला स्वतःचे मत ठेवण्याची मोकळीक होती. तीन तत्त्वे मात्र सर्वांना बंधनकारक. सर्वांचा समावेश, समता, आणि मानवी हक्क. कोणताही ठराव पुढे आला की या तीन कसोट्यांवर तो घासून पाहायचा आणि मग मत द्यायचे.

सभागृहात त्यांचे स्वागत कसे झाले? त्या बोलावयास उठल्या की काही पुरुष सभासद गाईसारखे हंबरत! घरी जाऊन चूल सांभाळा, अशा अर्थाचे टोमणे नित्याचेच. या बायकांनी रडारड केली नाही की शिव्याही दिल्या नाहीत. आपल्या खोलीत त्यांनी एक फळा लावला आणि त्या आठवड्यातला सर्वांत झणझणीत अपमान त्यावर लिहून ठेवण्याची पद्धत पाडली. बोलणाऱ्याची शोभा आपोआपच होत असे.

वाटाघाटींचे अध्यक्ष होते अमेरिकेचे जॉर्ज मिचेल. तेथे महिला आघाडीचा आग्रह एकच होता की, बंदुकीशी संबंध असलेल्या पक्षांनाही चर्चेबाहेर ठेवू नये. बाहेर ठेवलेला माणूस बंदूकच उचलणार. पुढे १९९८ च्या आरंभी हिंसेच्या घटनांवरून दोन्हीकडचे एकेक पक्ष काही काळ चर्चेबाहेर पडले, तेव्हाही या बायकांनी त्यांच्याशी बोलणे थांबवले नाही. जे आत होते त्यांचा निरोप बाहेर आणि बाहेरच्यांचा आत, हे काम त्या करीत राहिल्या. घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसले म्हणजे वहिनी जे करते, तेच हे काम. मात्र येथे ते उघडपणे, तत्त्व म्हणून केलेले होते.

१० एप्रिल १९९८, शुभ शुक्रवारी, करार झाला. त्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांची दखल, एकत्र शाळा व एकत्र वस्त्यांना उत्तेजन, स्त्रियांचा राजकारणात समान सहभाग, आणि सामान्य नागरिकांच्या संस्थांचे एक सल्लागार मंडळ, ही कलमे आली. ती यावीत म्हणून महिला आघाडीने खपून काम केले होते. २२ मे रोजी जनतेचा कौल घेतला. उत्तर आयर्लंडमध्ये शेकडा एकाहत्तर लोकांनी करारास होकार दिला.

त्यानंतर सारे सुरळीत झाले असे नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ओमा गावी बाँबस्फोटात एकोणतीस माणसे मेली. नागरिकांचे सल्लागार मंडळ २००० साली भरले आणि २००२ साली बंद पडले, ते पुन्हा उभे राहिले नाही. महिला आघाडीच्या दोन्ही जागा २००३ साली गेल्या आणि २००६ साली पक्ष विसर्जित झाला. अठ्ठावीस मुलांपासून निघालेल्या एकत्र शाळांची संख्या वाढली, तरी आजही तेथील शंभर मुलांतली जेमतेम सात-आठ मुलेच अशा शाळांत शिकतात. मधल्या भिंती २०२३ पर्यंत पाडू, असा संकल्प तेथील सरकारने २०१३ साली सोडला होता. ती मुदत टळून गेली आणि भिंती उभ्याच आहेत. मात्र करारापूर्वीच्या तीस वर्षांसारखा नरसंहार पुन्हा झाला नाही. ज्या आयांची मुले त्यामुळे वाचली, त्यांची मोजदाद कोठल्याही वहीत सापडणार नाही.

भगिनींनो, १९७६ ची लाट आणि १९९६ ची आघाडी यांची तुलना मनाशी केली म्हणजे एक गोष्ट दिसते. लाटेने भिंतीपलीकडे माणसे आहेत हे दाखवून दिले. ते काम मोठेच होते. पण पलीकडच्या बाईशी रोज बोलायचे तर भेद विसरून चालत नाही. तो दोघींना माहीत असावा लागतो, आणि त्याच्यासकट करता येण्याजोगे एखादे काम मधे असावे लागते. एखाद्या केंद्राचे अनुदान, एखादी शाळा, एखादे कलम. अनुदान तुटले ते दुसरीचे, तरी पहिली बोलली, तेव्हाच भिंतीला पहिली फट पडली.

आपल्या आळीत काँक्रीटची भिंत नाही. तरी हळदीकुंकवाला कोणाला बोलावणे जाते आणि कोणाला जात नाही, सहलीच्या बसमध्ये कोण कोणाशेजारी बसते, कार्यकारिणीत कोणती आडनावे पुन्हा पुन्हा येतात आणि कोणती कधीच येत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. त्याबद्दल भाषणे पुष्कळ झाली आहेत. पुढल्या सभेस जाताना शेजारच्या आळीतील, आजवर न बोलावलेल्या एखाद्या बाईच्या घरावरून जावे, तिला बरोबर घ्यावे, आणि सभेत तिच्या अडचणीचा विषय तिच्याऐवजी आपणच मांडावा. शँकिलच्या बायकांनी केले ते एवढेच.